फोनवर चालतं, मग संगणकावर का नाही?

वाचकांचे प्रश्न

नाशिकच्या सिडकोत त्रिमूर्ती चौकापासून थोडं आत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. या महिन्यातल्या पत्रांत वाय-फायच्या तक्रारी इतक्या आहेत की प्रिंटरचे आणि की-बोर्डचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलते. बऱ्याच पत्रांचा शेवट सारखाच आहे: नवीन राउटर घ्यायला सांगितलाय, घेऊ का? कुणाचेही दोन-तीन हजार रुपये नुसत्या अंदाजावर जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. म्हणून पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देते. बाकीच्यांनीही ते आधी वाचावं, कारण तिथलं सगळं मी पुढे पुन्हा सांगणार नाही.

प्रश्न : जुन्या नाशकात आमचा वाडा आहे. राउटर रस्त्याकडच्या खोलीत आणि संगणक माजघरात. आठ दिवसांपासून संगणकावर वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण खाली 'नो इंटरनेट, सिक्युअर्ड' असं येतं. माझा फोन मात्र त्याच माजघरात नीट चालतो. हयातीच्या दाखल्याचं काम अडलंय. बघायला आलेल्या मुलानं 'राउटर जुना झाला, नवा घ्या' असं सांगितलं. घेऊ का?
– निवृत्त शिक्षक, जुने नाशिक

उत्तर : सर, अजून काही घेऊ नका. आधी फोनची साक्ष तपासू. वाय-फाय जोडलेलं असलं पण त्यातून इंटरनेट येत नसलं, की पुष्कळ फोन आपल्याला न विचारता सिमच्या डेटावर जातात. आपल्याला वाटत राहतं की वाय-फाय चाललंय. माजघरात उभं राहून मोबाइल डेटा बंद करा, आणि आज एकदाही न उघडलेली एखादी साइट उघडून बघा. एवढं केल्यावर गोष्ट उलटी निघालेली मी अनेक घरांत पाहिली आहे.

हे का महत्त्वाचं, ते सांगते. समजा तुम्हाला वाड्यातून मुंबईला जायचंय. नाशकातल्याच द्वारका चौकापर्यंत रिक्षा, तिथून पुढे महामार्गाची बस. वाय-फाय म्हणजे फक्त ती रिक्षा: संगणकापासून राउटरपर्यंतचा टप्पा. राउटरपासून इंटरनेट देणाऱ्या कंपनीपर्यंत जाणारी फायबर, म्हणजे प्रकाशातून संदेश नेणारी काचेची तार, ही पुढची बस. संगणकावर 'कनेक्टेड' येतं त्याचा अर्थ रिक्षा मिळाली, एवढाच. पुढे पोहोचता येत नाही, हे 'नो इंटरनेट' सांगतं. मोबाइल डेटा बंद करूनही फोन चालला, तर बस धावते आहे. राउटर जिवंत आहे, लाइन जिवंत आहे आणि बिघाड संगणकाच्या बाजूला आहे. फोनही बंद पडला, तर संगणकाला हातसुद्धा लावू नका. मग राउटर आणि लाइन बघायची.

फोन चालला असं धरू. आता राउटरनं संगणकाला पत्ता दिलाय का ते बघा. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आकडी पत्ता देत असतो. विंडोजमध्ये सेटिंग्ज, त्यात नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात वाय-फाय, आणि तुमच्या वाय-फायच्या नावाच्या प्रॉपर्टीज उघडा. 'आयपीव्ही४ ॲड्रेस' या ओळीत १९२.१६८ नं सुरू होणारा आकडा असेल तर पत्ता मिळालाय. काही राउटर १० नं सुरू होणारा देतात, तेही ठीक. पण आकडा १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर राउटरकडून काहीच आलं नाही आणि विंडोजनं वाट पाहून स्वतःच एक पत्ता लावून घेतलाय. त्या पत्त्यावर बाहेरचं काही पोहोचत नाही.

१६९ दिसलं तर वाय-फायच्या नावावर 'फर्गेट' करा आणि पासवर्ड पुन्हा टाकून जोडा. तरी नाही झालं तर राउटरची पिन काढून अर्धा मिनिट थांबा, परत लावा, दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं द्या. मग संगणक 'रीस्टार्ट' करा. इथे मी अडून बसणार आहे: 'शट डाउन' नाही, 'रीस्टार्ट'. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुतेक वेळा चालू असते. शट डाउन करताना ती विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरची (वाय-फाय कार्डासारखे भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) स्थिती डिस्कवर साठवून ठेवते आणि सकाळी तीच परत उचलते. म्हणजे काल अडकलेला वाय-फायचा ड्रायव्हर आजही अडकलेलाच उठतो. रीस्टार्ट केल्यावर सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं. 'रोज रात्री बंद करतो हो मी' असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात, त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

१९२ असूनही साइट उघडत नसेल तर ब्राउझरच्या वरच्या पट्टीत नुसतं १.१.१.१ लिहून एंटर दाबा. त्या आकड्यावर एक पान आहे. ते उघडलं आणि नावानं लिहिलेल्या साइट मात्र उघडल्या नाहीत, तर नाव-नंबरांची वही हरवली आहे. साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सोयीला डीएनएस म्हणतात. विंडोज ११ मध्ये त्याच प्रॉपर्टीजच्या पानावर डीएनएसपुढे 'एडिट' आहे. तिथे 'मॅन्युअल' निवडून आयपीव्ही४ चालू करा आणि १.१.१.१ किंवा ८.८.८.८ लिहा. हयातीच्या दाखल्यासाठी कुणी तुमच्या संगणकात व्हीपीएन किंवा प्रॉक्सी (इंटरनेट दुसऱ्याच संगणकामार्गे फिरवणारी सोय) टाकून ठेवलं असेल तर तेही बंद करून बघा. 'नेटवर्क रीसेट'चं बटण सगळ्यात शेवटी. ते साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड पुसून टाकतं, म्हणून आधी पासवर्ड कागदावर उतरवून ठेवा.

आणि आता वाड्याच्या भिंती. दगड-विटा-मातीची दीड-दोन फुटांची भिंत म्हणजे वाय-फायच्या वाटेतला डोंगरच. राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ चा पट्टा वेगवान, पण भिंतीत लवकर जिरतो. २.४ चा हळू, पण जास्त लांब पोहोचतो. माजघरातून २.४ चं नाव निवडून बघा. त्याहून पक्की परीक्षा म्हणजे दुकानातून पंधरा मीटरची तयार लॅन वायर एका दिवसापुरती मागून आणा आणि संगणक थेट राउटरला जोडा. वायरवर लगेच चाललं, तर राउटरला दोष देण्याचं कारणच उरलं नाही. मग ती वायर कायमची टाकून घ्या. त्यासाठी वाड्याच्या भिंतीला भोक पाडू देऊ नका. चौकटीच्या वरून, तुळईच्या कडेनं, झरोक्यातून वायर जाते. जरा वेळ लागतो, पण जाते. मी अशी तीन वाड्यांत नेली आहे.

२०१२ साली नाशिक रोडच्या एका गृहस्थांना मी असाच नवा राउटर विकला होता. पंधरा दिवसांत तीच तक्रार घेऊन ते परत आले. त्यांच्या लॅपटॉपमध्ये विंडोज वीज वाचवायला वाय-फायचं कार्ड झोपवत होतं आणि नंतर ते उठत नव्हतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्स, त्यात वाय-फायचं कार्ड, त्याच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर 'वीज वाचवायला हे यंत्र बंद करू द्या' अशा अर्थाच्या ओळीपुढची खूण काढून टाकायची होती, बस. ती काढली. राउटर परत घेतला आणि पैसे परत केले, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव अजून विसरले नाही. त्या दिवसापासून वायर जोडून बघितल्याशिवाय मी कुणाला राउटर देत नाही. तुमच्या संगणकातही ती खूण बघून घ्या. काही नव्या लॅपटॉपमध्ये ते पान दिसतच नाही, तसं असेल तर सोडून द्या.

प्रश्न : मुलीनं अमेरिकेतून तिचा जुना लॅपटॉप माझ्यासाठी पाठवला. त्यात शेजारच्यांची वाय-फाय दिसतात, आमचंच दिसत नाही. मध्ये दोनदा दिसलं, दिवसभर चाललं आणि पुन्हा गायब. घरातल्या सगळ्या फोनना मात्र दिसतं.
– गृहिणी, कॉलेज रोड

उत्तर : ताई, लॅपटॉप चांगला आहे, कुणाला उघडायला देऊ नका. २.४ च्या पट्ट्याचे छोटे भाग पाडलेले असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. आपल्याकडे १ ते १३ वापरतात. अमेरिकेत सहसा ११ पर्यंतच, म्हणून तिथल्या बाजारासाठी बनलेली बरीच वाय-फाय कार्डं १२ आणि १३ कडे कानच देत नाहीत. तुमचा राउटर 'ऑटो'वर असणार. ज्या दिवशी तो १३ वर जाऊन बसतो त्या दिवशी लॅपटॉपपुरता तो अस्तित्वातच नसतो. वीज जाऊन आली, राउटरनं दुसरं चॅनेल निवडलं, की दिसायला लागतो. तुम्ही 'दोनदा दिसलं' हे लिहिलंत म्हणून ओळखता आलं. तो राउटर बहुधा फक्त २.४ वर चालणारा आहे, नाहीतर ५ च्या पट्ट्यावर तरी लॅपटॉपला सापडला असता.

आधी खात्री करा. फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडा. जोडला गेला तर कार्ड ठीक. मग राउटरच्या खाली चिकटवलेल्या कागदावर एक आकडा असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. वाय-फाय चालू असलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो टाका, कागदावरचंच नाव आणि पासवर्ड वापरून आत जा, वायरलेसच्या पानावर चॅनेल 'ऑटो'ऐवजी १, ६ किंवा ११ करून साठवा. हेच तीन का? शेजारशेजारच्या चॅनेलमध्ये फक्त ५ मेगाहर्ट्झचं अंतर असतं आणि वाय-फायला साधारण २० लागतात, त्यामुळे ३ नंबरवाला १ आणि ६ दोघांच्याही अंगावर येतो. १, ६, ११ एकमेकांना धक्का न लावता राहतात. आत गेलाच आहात तर राउटरच्या पानाचा मूळ पासवर्ड बदला. कंपनीनं दिलेला तसाच ठेवणं म्हणजे किल्ली दारालाच लटकवून ठेवणं.

चॅनेल बदलूनही उपयोग झाला नाही आणि लॅपटॉप बराच जुना असेल, तर सुरक्षेच्या जागी फक्त 'डब्ल्यूपीए३' (वाय-फायच्या कुलपाचा नवा प्रकार) निवडलेलं आहे का ते बघा. जुन्या कार्डांना ते येत नाही. 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असं मिश्र निवडा. त्याहून खाली उतरू नका.

प्रश्न : वर्कशॉपच्या जुन्या डेस्कटॉपवर रोज सकाळी जीएसटीची साइट 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' म्हणते. वाय-फाय पूर्ण आहे. कंपनीला फोन केला, ते म्हणाले आमच्याकडून सगळं व्यवस्थित.
– लघुउद्योजक, सातपूर

उत्तर : या वेळी कंपनीचं बरोबर आहे. उजवीकडे खाली तारीख बघा, कित्येक वर्षं मागची असेल. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि संगणकाला आजची तारीखच माहीत नसेल तर त्याला ते प्रमाणपत्र अवैध वाटतं. रात्री मेन स्विच बंद करून जाता ना? तेव्हा घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा (संगणकाच्या आतल्या मुख्य पाटीवरचा) सेल संपलाय. सीआर२०३२, तीन व्होल्टचा, नाण्यासारखा. दोन जणांच्या मिसळीएवढाही खर्च नाही. प्लग काढून मगच बदला, आणि तारीख लावताना वर्षही तपासा.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे. राउटर ऑफिसात, आणि वजनाचा व लेबलचा संगणक प्री-कूलिंगच्या (फळं गार करायच्या खोलीच्या) पलीकडे, सत्तर-ऐंशी मीटरवर. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास वाय-फाय पुढे पोहोचवणारा एक्स्टेंडर बसवला तेव्हा चाललं. जानेवारीत माल सुरू झाला आणि दर पाच-दहा मिनिटांनी तुटायला लागलं. लेबलं अडली की गाडी अडते. मोठ्या अँटेनांचा राउटर सुचवताहेत.
– द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका

उत्तर : दादा, ऑक्टोबरात चाललं आणि जानेवारीत तुटलं, यातच सगळं आलं. ऑक्टोबरात शेड रिकामी होती. प्री-कूलिंगच्या खोलीच्या भिंती म्हणजे पफची पॅनेलं, फोमच्या दोन्ही अंगांना पत्रा. पत्र्यातून वाय-फाय आरपार जात नाही, ते परत फिरतं. तुम्हाला मिळत होतं ते दारातून, छताखालच्या फटीतून, इकडे-तिकडे आपटून पोहोचलेलं. त्या वाटेवर आता क्रेटच्या थप्प्या उभ्या आहेत, आणि द्राक्षात सुमारे चार पंचमांश पाणी. पाणी या लहरी शोषून घेतं. म्हणजे तुमच्या संगणकासमोर पत्र्याची भिंत तर होतीच, हंगामात पाण्याची भिंतही आली. अँटेना कितीही मोठ्या लावल्या तरी त्या दोन्ही भिंती तिथेच राहणार. राउटरचा आवाज समजा वाढला, तरी पलीकडच्या संगणकाचं उत्तर तेवढ्याच बारीक आवाजात येणार. संभाषण दोघांचं असतं.

एक्स्टेंडरचीही बाजू समजून घ्या. साधा एक्स्टेंडर त्याच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. शिवाय लोक तो जिथे रेंज नाही तिथे लावतात. तिथे त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तर तो पुढे काय सांगणार? लावायचाच असला तर मध्यावर, जिथे चांगली रेंज आहे तिथे.

पण तुमच्यासाठी तोही नको. जो संगणक जागचा हलत नाही, त्याला वायर द्यावी, हे माझं ठाम मत आहे. कॅट ६ ची लॅन वायर एका तुकड्यात १०० मीटरपर्यंत चालते, तुमचं ऐंशीत भागतं. मोजताना सरळ अंतर धरू नका, भिंतीवर चढ-उतार धरून मोजा. वायर शुद्ध तांब्याची मागा. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेलीही मिळते, ती स्वस्त असते आणि हातात हलकी लागते. अशाच एका शेडमध्ये मी अख्खा दिवस घालवला होता. शेवटी कोपऱ्यात वळवलेली मुलाम्याची तार आतून तुटलेली सापडली. वरचं वेष्टण शाबूत होतं, म्हणून कुणाला दिसलं नव्हतं. तेव्हापासून बिलावर 'शुद्ध तांबं' लिहून घ्या असं प्रत्येकाला सांगते. कॉम्प्रेसरच्या केबलच्या पट्टीतून ही वायर नेऊ नका, वेगळ्या पाइपातून न्या.

ऑफिस आणि शेड या दोन वेगळ्या इमारती असतील, किंवा अंतर १०० मीटरच्या पुढे जात असेल, तर मधल्या भागात फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन वायर जोडणारी डबी) लावा. खर्च थोडा वाढतो, पण मे महिन्यात वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा उघड्यावरची तांब्याची वायर दोन्ही टोकांची यंत्रं घेऊन जाऊ शकते. फायबर काचेची, तिच्यातून वीज वाहत नाही. त्या बाजूला फोनसाठी वाय-फाय हवंच असेल तर वायरच्या शेवटाला एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरमधून आलेलं नेट वाय-फायवर देणारं यंत्र, लावा. नाव-पासवर्ड ऑफिसचेच, चॅनेल मात्र वेगळं. तो गार खोलीच्या आत बसवू नका. आत-बाहेरच्या फरकानं साधारण यंत्रांत दव धरतं. हे सगळं फळं उतरून शेड रिकामी झाल्यावर करायचं म्हणाल, तर या हंगामापुरती एक तात्पुरती वायर आजच टाका. एका दिवसाचं काम आहे, गाड्या थांबायला नकोत.

प्रश्न : घरून काम करते. अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे, राउटर स्वयंपाकघराच्या दाराशी फ्रिजवर ठेवलाय. दुपारी एक ते दीडच्या मीटिंगमध्ये हमखास आवाज तुटतो, बाकी दिवसभर बरं असतं. रात्री नऊनंतर पुन्हा हळू. मॅनेजर म्हणतात, तुमच्याकडचंच नेट खराब आहे.
– वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : ताई, एक वाजता घरात जेवण गरम करायला मायक्रोवेव्ह लागतो का ते बघा. ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे वाय-फायच्या २.४ च्या पट्ट्यातच. ओव्हनची ताकद सातशे-हजार वॉट, राउटरची वॉटच्या दहाव्या भागाच्या आसपास. ओव्हनच्या दारातून जे अगदी थोडं बाहेर येतं ते माणसाला अपाय करणारं नसतं, पण शेजारच्या राउटरला बहिरं करायला पुरतं. घरात कुणी आपलं जेवण थंड खाऊ नये. तुम्ही लॅपटॉप ५ च्या नावावर जोडा आणि राउटर फ्रिजवरून उतरवून हॉलमध्ये, खांद्याच्या उंचीवर, मोकळ्या जागी ठेवा. फ्रिज, आरसा, लोखंडी कपाट, माशांची टाकी यांच्यामागे नको.

रात्रीचं कारण वेगळं. त्या वेळी इमारतीतले सगळे घरी असतात आणि २.४ मध्ये तीनच मोकळ्या जागा, हे वर कॉलेज रोडच्या ताईंना सांगितलंच. ५ वर गेलात की यातूनही बरंच सुटाल. तरी हळूच राहिलं तर राउटरला वायर लावून वेग मोजा. वायरवरही रात्री कमी येत असेल तर ती गर्दी कंपनीच्या लाइनवर आहे, आणि तसं तारीख-वेळ-आकडा लिहून त्यांना कळवा. मोजताना लक्षात ठेवा, १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. फाइल उतरवताना ते साडेबारा मेगाबाइट दिसतं. ती फसवणूक नाही, आठनं भागायचं असतं.

मॅनेजरना दाखवायला विंडोजमध्ये एक अहवाल आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा. मागच्या तीन दिवसांत वाय-फाय कधी तुटलं आणि का, हे वेळेसकट एका पानावर मिळतं. 'तुमच्याकडचंच खराब' या बोलण्यानं माणूस खचतो. हातात कागद असला की नेमकं बोलता येतं.

प्रश्न : डेस्कटॉपला यूएसबीचं वाय-फाय डोंगल आहे. बाहेरची हार्ड डिस्क लावली की नेट जातं.
– बी.एस्सी.चा विद्यार्थी, म्हसरूळ

उत्तर : छान निरीक्षण. यूएसबी ३ च्या डिस्का आणि त्यांच्या वायरी चालू असताना २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करतात, आणि तुझं डोंगल तिच्या शेजारच्याच भोकात, शिवाय पत्र्याच्या कॅबिनेटमागे असणार. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घे आणि डोंगल टेबलावर आण. डोंगल ५ चा पट्टा पकडत असेल तर त्यावर जोड.

प्रश्न : राउटरवर 'एलओएस' नावाचा लाल दिवा लुकलुकतोय. संगणकाचं सगळं तीनदा करून पाहिलं.
– वाचक, इंदिरानगर

उत्तर : संगणक सोडा. लाल एलओएस म्हणजे कंपनीकडून फायबरमधून येणारा प्रकाशच पोहोचत नाही. म्हणजे राउटरपासून कंपनीपर्यंतचा दुसरा टप्पा तुटलाय. तुम्ही बघण्यासारखं एकच: राउटरला येणारी पातळ वायर कपाटामागे दुमडली किंवा चेपली गेलीय का. फायबर काटकोनात वळवली की प्रकाश बाहेर निसटतो. ती मोकळी, मोठ्या वळणानं ठेवा. टोक काढून त्यात डोळा लावून पाहू नका, मुलांनाही पाहू देऊ नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण लेझरचा असतो. बाहेर खोदाईत किंवा खांबावर तुटली असेल तर जोडणारा माणूसच यावा लागतो. फोन करताना पहिलं वाक्य 'एलओएस लाल आहे' हे म्हणा, म्हणजे 'संगणक रीस्टार्ट करा' या प्रश्नोत्तरांत तुमचा अर्धा तास जाणार नाही.

प्रश्न : दिवसातून चार-पाचदा राउटरचे सगळे दिवे विझतात आणि पुन्हा लागतात. वीज गेलेली नसते. राउटर गेला का?
– वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : आधी ॲडॉप्टर बघा. राउटरपेक्षा तो छोटा काळा डबा लवकर थकतो. नुसता मोजला तर १२ व्होल्ट दाखवतो, पण राउटरनं जोर मागितला की खाली बसतो आणि राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. घरात जास्त फोन जोडले गेले की हे जास्त घडत असेल, तर मला त्याचाच संशय आहे. नवीन घेताना व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नकोत. लेबलवर एका गोलाच्या आत-बाहेर अधिक-उणे काढलेलं असतं, ते चित्रही जुळलं पाहिजे. दुसऱ्या कुठल्या यंत्राचा ॲडॉप्टर बसतोय म्हणून लावू नका, त्यानं राउटर खरंच जातो. आणि दुकानात जाताना जुना सोबत न्या. आतल्या भोकाचा आकार सारखा दिसतो, पण दोन प्रकारचा असतो, आणि तो लावूनच कळतो.